चारित्र्याचा दाखला आणि आपली पोरं

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापन दिनाला विहाराच्या इमारतीविषयी, देणगीदारांविषयी बोलायची प्रथा आहे. ते बोलायलाच पाहिजे. पण आज मी समितीकडून एक वेगळाच विषय मागून घेतला. या विहाराच्या पटांगणात रोज संध्याकाळी पोरं जमतात. कोणी कबड्डी खेळतं, कोणी लेझीम शिकतं, वरच्या अभ्यासिकेत दहावीची मुलं बसतात. या पोरांना शिकवायला माणूस मिळेना झाला आहे. वस्तीत खेळाडू नाहीत असं नाही, शिकलेली पोरं नाहीत असंही नाही. माणूस आहे, पण त्याच्याकडे एक कागद नाही. त्या कागदाचं नाव चारित्र्य पडताळणीचा दाखला. आज मी त्या कागदाविषयी बोलणार आहे.

मी काही वकील नाही. मी गिरणीतला माणूस. नववीपर्यंत शाळा झाली, बदली कामगार म्हणून लागलो, आणि २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनला गिरणी थांबली ती पुन्हा चालू झाली नाही. मधल्या काळात युनियनच्या कामानं लेबर कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावल्या. आंदोलनात पकडलेल्या पोरांच्या जामिनासाठी फौजदारी कोर्टात उभं राहावं लागलं. तिथं जे पाहिलं आणि वाचनालयात बसून जे वाचलं, तेवढंच सांगतो. आपापल्या खटल्यात वकिलाचा सल्ला घ्यावा हे आधीच सांगून ठेवतो.

आधी हा कागद मागतात कशासाठी ते समजून घेऊ. कारण आपल्यात एक समज पसरला आहे की, हा सगळा आपल्या पोरांना अडवण्याचा डाव आहे. मित्रहो, असं नाही. लहान मुलांवरचे अत्याचार रोखण्यासाठी २०१२ साली पॉक्सो कायदा झाला. त्या कायद्याचे नवे नियम २०२० साली आले. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी किंवा मुलांशी नेहमी संबंध येणारी कोणतीही संस्था असो, तिनं आपल्याकडच्या कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी करून घेतली पाहिजे; आणि एकदाच नव्हे, ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर जे झालं ते आपण सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर राज्य शासनानं शाळांसाठी निर्णय काढला, त्यातही कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीवर भर दिला. माझ्या आयाबायांनो, ज्याच्या ताब्यात आपण पोरगी सोपवतो तो माणूस कोण हे विचारणं हा आपला हक्क आहे. म्हणून पडताळणीला विरोध करायचा नाही. आपलं विहार त्या नियमाच्या शब्दात बसतं की नाही याची चर्चा वकिलांनी करावी. नियम चांगला आहे, आपण तो पाळायचा.

प्रश्न पुढं येतो. या चाळणीत खडा अडकायला पाहिजे, पण आपल्या वस्तीत खड्याबरोबर चांगला दाणाही अडकून बसतो. तो का अडकतो, ते एका पोराच्या हकिकतीवरून सांगतो. नाव सांगत नाही, तो इथंच बसला आहे आणि त्यानं सांगायला परवानगी दिली आहे.

हा पोरगा चांगला कबड्डीपटू. चढाईला गेला की दोन गडी घेऊनच यायचा. जवळच्या एका शाळेनं त्याला मुलांचा संघ तयार करायला बोलावलं. मानधन नावालाच होतं, पण पोरगा खूश. शाळेनं पडताळणीचा दाखला मागितला. यानं अर्ज केला, आणि उत्तर आलं की तुमच्यावर गुन्हा दाखल आहे, खटला प्रलंबित आहे. पोरगा घरी येऊन गप्प बसला. शाळेत जायचा थांबला, आणि आपल्या पटांगणातही यायचा थांबला. लोकांना वाटलं गडी माजला. तो शरमेनं येत नव्हता.

गुन्हा कसला? १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला जे झालं आणि ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला, त्या दिवशीचा. रस्त्यावर बसला होता. बेकायदा जमाव, जमावबंदीचा भंग, अशी नेहमीची कलमं. त्याला कोणीतरी छातीठोक सांगितलं होतं, "सरकारनं सगळे गुन्हे मागे घेतले, तू निवांत राहा." तो निवांत राहिला.

आता यात खरं किती ते बघा. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या वेळच्या गृहमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं की, कोरेगाव भीमा प्रकरणातल्या ६४९ गुन्ह्यांपैकी ३४८ मागे घेतले. म्हणजे ३०१ राहिलेच होते. "सगळे" हा शब्द कुठून आला? आणि दुसरी गोष्ट, सरकारनं मागे घ्यायचं ठरवलं म्हणजे खटला संपला असं होत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३२१ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम ३६० आहे. त्यात असं आहे की सरकारी वकिलानं कोर्टात अर्ज द्यायचा आणि कोर्टानं संमती द्यायची. कोर्टाचा हुकूम झाला तरच खटला संपतो. मंत्र्याचं भाषण, वर्तमानपत्रातली बातमी, पुढाऱ्याचा फोन, यातलं काहीही कोर्टाच्या हुकमाची जागा घेत नाही.

आम्ही कोर्टात जाऊन चौकशी केली. तेव्हा कळलं, दोषारोपपत्र केव्हाच दाखल झालेलं. समन्स जुन्या चाळीच्या पत्त्यावर गेलं, आणि चाळ पुनर्विकासात पडून गेलेली. पोरगा हजर नाही म्हणून वॉरंट निघालेलं. बघा, पोरगा घरी जेवत होता, कामावर जात होता, आणि कागदावर तो फरारी होता! कोणत्याही नाक्यावर उचलला असता तर आई-बापाला कळलंही नसतं की कशासाठी.

मग रीतसर वकील दिला. पोरगा स्वतः होऊन कोर्टापुढं हजर झाला, वॉरंट रद्द करून घेतलं, तारखा केल्या. प्रत्येक तारखेला एक खाडा, एक रोज बुडाला. शेवटी सरकारी वकिलाचा अर्ज पडला, कोर्टानं संमती दिली, पोरगा मोकळा झाला. चौदा महिने लागले. हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल घेतली, पोलिस ठाण्यात अर्जासोबत दिली, पोच घेतली, आणि दाखल्यासाठी पुन्हा अर्ज केला. या वेळी दाखला स्वच्छ आला.

यातली प्रत्येक पायरी महत्त्वाची आहे म्हणून हकिकत लांबवली. आता वस्तीतल्या बाकीच्या पोरांसाठी सांगतो. "माझ्यावर केस आहे" असं आपण म्हणतो तेव्हा त्या एका वाक्यात निरनिराळ्या गोष्टी असतात. साच्यावर धागा तुटला की विणकर आधी साचा थांबवतो, टोक कुठं तुटलं ते शोधतो, मग गाठ मारतो. टोक न शोधता मारलेली गाठ कापडात दिसते. तसंच इथं. आधी आपली केस कुठं थांबली आहे ते शोधा.

पहिला प्रकार, फक्त एफआयआर आहे, पुढं काही झालं नाही. अशा वेळी पोलिसांनी कोर्टात शेवटचा अहवाल दिला आहे का ते विचारायचं. आपल्याकडं त्याला ए समरी, बी समरी, सी समरी म्हणतात. ए म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, बी म्हणजे तक्रार खोटी, सी म्हणजे खरीही नाही खोटीही नाही, गैरसमजातून झालेली. कोर्टानं समरी मंजूर केल्याचा कागद असेल तर तो घ्या. लहान गुन्ह्यांना मुदतीचा कायदाही आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्टानं ठरावीक मुदतीत घ्यावी लागते, तोही मुद्दा वकिलाला विचारा.

दुसरा प्रकार, चाळीतलं भांडण. नळावरून, पार्किंगवरून, मारामारी झाली, दोन्ही बाजूंनी तक्रारी. पुढं समेट झाला, एकमेकांच्या लग्नात जेवले, पण केस तशीच. यातले बरेच गुन्हे कायद्यानं तडजोडीचे आहेत. फिर्यादीनं कोर्टात येऊन तडजोड केली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच परिणाम होतो. जे गुन्हे तडजोडीचे नाहीत त्यात दोन्ही बाजू उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याची विनंती करू शकतात. तिथं मंजूर होईलच असं नाही, गुन्हा कसला आहे ते न्यायालय बघतं. पण घरात समेट झाला आणि कोर्टात कोणी गेलंच नाही, तर तो समेट कागदाला माहीत नसतो.

तिसरा प्रकार, निर्दोष सुटला आहे पण पोलिसांच्या नोंदीत अजून तसंच दिसतं. निकाल आपोआप सगळीकडे पोचेल या भरवशावर राहू नका. आपणच नक्कल नेऊन द्यावी आणि पोच घ्यावी. शिवाय २०२२ साली ओळख पटवण्याचा नवा फौजदारी कायदा आला. त्यात अटक झालेल्यांचे बोटांचे ठसे, फोटो वगैरे घेतात आणि ती माहिती ७५ वर्षं ठेवायची तरतूद आहे. पण त्याच कायद्यात असंही आहे की, ज्याला पूर्वी शिक्षा झालेली नाही असा माणूस खटला न चालता सुटला किंवा निर्दोष ठरला आणि पुढची अपिलं संपली, तर कोर्टानं वेगळं सांगितलं नसेल तर ती माहिती नष्ट करायची. तो आपला हक्क आहे, तो अर्ज करून मागायचा.

चौथा प्रकार, पोरगा त्या वेळी अठराच्या आतला होता. हे आई-बापांनी नीट कान देऊन ऐका. बाल न्याय कायदा २०१५, कलम २४: मुलाच्या हातून गुन्हा झाला तरी त्या निर्णयामुळे त्याला पुढं कोणतीही अपात्रता लागत नाही, आणि ठरावीक काळानंतर ते रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. याला अपवाद आहे तो सोळा ते अठरा वयाच्या मुलानं अतिगंभीर गुन्हा केला आणि त्याला प्रौढासारखा खटला चालवून दोषी ठरवलं त्याचा. आणि कलम ७४ सांगतं की चारित्र्याच्या दाखल्यासाठी मुलाचं असं रेकॉर्ड पोलिसांनी उघड करायचंच नाही. पाटी पुसून नवी सुरुवात, असा त्या कायद्याचा हेतूच आहे. तरीही आपल्या वस्तीत वीस-बावीस वर्षांची पोरं सोळाव्या वर्षाच्या भानगडीसाठी मान खाली घालून फिरतात. कायद्यानं सोडलं, आपण सोडत नाही!

पाचवा प्रकार सगळ्यांत फसवा आणि आपल्यात सगळ्यांत जास्त. ओट्यावर पत्ते खेळताना पकडलं, जुगाराच्या कायद्याचं कलम १२ (अ) लावलं. किंवा रात्री रस्त्यावर गोंधळ घातला म्हणून पोलिस कायद्याची केस. कोर्टात उभं केलं. कोणीतरी कानात सांगतं, "कबूल कर, दोन-तीनशे दंड भर, सुट." पोरगा रोज बुडेल म्हणून कबूल करतो, दंड भरतो, संध्याकाळी घरी. त्याला वाटतं सुटलो. मित्रहो, तो सुटला नाही! गुन्हा कबूल करून भरलेला दंड ही शिक्षा आहे, कायद्याच्या भाषेत तो दोषी ठरला. ज्यांनी वर्षानुवर्षं खटला लढवला त्यातले पुष्कळ निर्दोष सुटतात, आणि एका दिवसात मोकळा झालेला दोषी म्हणून राहतो. कबुली दिल्यावर अपिलाचा रस्ताही जवळजवळ बंद होतो. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, आपलं पोर कोर्टात उभं राहील त्या दिवशी वकिलाशी बोलल्याशिवाय "कबूल" हा शब्द तोंडातून काढू देऊ नका.

गुन्हा खरोखरच झाला असेल आणि पहिलाच असेल, तरी रस्ता आहे. १९५८ चा प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायदा आहे. कोर्ट समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं, आणि त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे शिक्षेमुळं लागणारी अपात्रता अशा माणसाला लागत नाही. गुन्हा सिद्ध झाला ही नोंद पुसली जात नाही, पण त्या नोंदीचा विषारी दात निघतो. हे मागावं, आणि निकालाच्या वेळीच मागावं.

तुम्ही विचाराल, मोठ्या माणसाची जुनी शिक्षा काही वर्षांनी आपोआप पुसून टाकणारा कायदा आपल्याकडं आहे का? सर्वांना लागू पडेल असा नाही. इंग्लंडमध्ये १९७४ पासून तसा कायदा आहे. लहान शिक्षा असेल आणि माणूस ठरावीक वर्षं सरळ वागला, तर ती शिक्षा सरली असं धरतात, आणि एरवीच्या नोकरीत ती सांगावी लागत नाही. पण मुलांशी संबंध येणाऱ्या कामाला तिथंही ही सवलत सरसकट नाही. माणसाला पुन्हा उभं राहू द्यायचं, आणि मुलांच्या बाबतीत डोळे उघडे ठेवायचे. आपल्याकडं असा कायदा व्हावा ही मागणी संघटनांनी केली पाहिजे. तो होईपर्यंत जे रस्ते आहेत ते वापरले पाहिजेत.

आता फॉर्म भरण्याविषयी. "अटक झाली होती का? खटला चालू आहे का? शिक्षा झाली का?" असे रकाने असतात. आपली पोरं घाबरून "नाही" लिहितात. तिथं नुकसान होतं. २०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की, उमेदवारानं दिलेली माहिती खरी पाहिजे, लपवालपवी चालणार नाही. पण त्याच निकालात असंही आहे की लहान वयात घोषणा दिल्या किंवा किरकोळ गुन्हा झाला, तर मालक तारतम्य बाळगून तिकडं दुर्लक्ष करू शकतो. घोषणा देणं हे उदाहरण खुद्द न्यायालयानं दिलं आहे! म्हणजे खरं लिहिणाऱ्याला दार उघडं राहू शकतं, लपवणाऱ्याचं लपवणंच त्याच्या अंगावर येतं. कोणी म्हणेल, पोलिसात ओळख आहे, पैसे देऊन दाखला स्वच्छ करून आणतो. तो कागद तुमच्या मानेवरची सुरी आहे. जो देतो तोच उद्या ती फिरवील.

इथं आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. शिक्का सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. आपल्या महाराष्ट्रात सोलापूरला तारेच्या कुंपणाची वसाहत होती, तिथली माणसं गिरण्यांत राबायला जायची आणि हजेरीला परत कुंपणात यायची. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. कायदा गेला, नजर गेली का? मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान विरुद्ध दिल्ली पोलिस आयुक्त या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की मागास आणि गरीब समाजांतल्या निरपराध माणसांची नावं यांत्रिकपणे पोलिसांच्या हिस्ट्री शीटमध्ये घालू नका. न्यायालयानं हा विषय सगळ्या राज्यांपुढं ठेवला. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. आपल्या पोराच्या नावापुढं नोंद दिसली म्हणजे पोरगा वाईटच, असं निदान आपण तरी धरू नये, म्हणून सांगतो.

यावर काही वडीलधारी मंडळी मला म्हणाली, "दादा, विहारात शुद्ध चारित्र्याचाच माणूस पाहिजे." मी त्यांना अंगुलिमालाची आठवण दिली. मज्झिम निकायात त्याचं सुत्त आहे. ज्याच्या नावानं गावं ओस पडली, त्याला भगवंतांनी संघात घेतलं. पण गोष्ट तिथं थांबत नाही. भिक्षेला गेला की लोक त्याला दगड मारायचे, डोकं फुटून तो परत यायचा, आणि भगवंत त्याला सांगायचे, सहन कर. बदललेल्या माणसालाही लोकांचा विश्वास एका दिवसात मिळाला नाही. आणि विनयपिटकाच्या महावग्गात पुढची हकिकत आहे. लोक भ्याले, कुरकुर करू लागले, तेव्हा भगवंतांनी नियम केला की नामचीन दरोडेखोराला प्रव्रज्या द्यायची नाही. उपसंपदा घेणाऱ्याला भर संघात प्रश्न विचारतात: तू स्वतंत्र आहेस का, तुझ्यावर कर्ज आहे का, तू राजाच्या चाकरीत आहेस का, आई-वडिलांची परवानगी आहे का? अडीच हजार वर्षांपूर्वीची ही पडताळणीच झाली. करुणाही त्यांचीच आणि नियमही त्यांचाच. एक धरून दुसरं सोडायचं नाही.

म्हणून त्या कबड्डीच्या पोराच्या बाबतीत समितीनं जो निर्णय घेतला तो मला योग्य वाटतो. आंदोलनाची केस आहे हे सगळ्यांना माहीत होतं. काही जण म्हणाले, "आपलाच पोरगा, बाबासाहेबांच्या विचारासाठी रस्त्यावर बसला, त्याला कसला दाखला?" समितीनं सांगितलं, दाखला येईपर्यंत तू मैदान आखून दे, गुण लिही, मोठ्या गड्यांबरोबर सराव कर, पण लहान मुलांची जबाबदारी एकट्याकडं नाही. पोरगा चौदा महिने चुना टाकून रेघा मारत राहिला. रागावला नाही असं नाही, पण टिकला. मित्रहो, आज ओळखीच्या चांगल्या पोरासाठी नियम वाकवला, तर उद्या त्याच वाकलेल्या नियमातून ओळखीचा वाईट माणूस आत येईल. मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा अनोळखी नसतो, ओळखीचाच असतो, हे विसरू नका.

आणि याच ठिकाणी स्पष्ट बोलतो. मुलांवर अत्याचार केल्याबद्दल, स्त्रियांवर अत्याचार केल्याबद्दल जो दोषी ठरला आहे, त्याची नोंद पुसायला मी कोणाच्याही बरोबर कोर्टात जाणार नाही. तो सुधारला असेल तर चांगलंच आहे, त्यानं धम्म ऐकावा, श्रमदान करावं, पण मुलांच्या वर्गात त्याला जागा नाही. अशा प्रकरणात "समाजाची बदनामी नको" म्हणून पोरीच्या आईला गप्प बसवणं हे पाप आपल्या विहारात घडता कामा नये.

शेवटी, करायचं काय ते सांगतो. दर रविवारी सकाळी अकरा वाजता मी आणि अभ्यासिकेतली दोन शिकलेली मुलं इथं टेबल टाकून बसणार आहोत. ज्याच्यावर कधी काळी गुन्हा नोंद झाला असेल त्यानं यावं. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नाव टाकून खटला कुठं आहे ते शोधता येतं, ते आम्ही बघून देऊ. नकलेचा अर्ज लिहून देऊ. जुना पत्ता बदलला असेल तर कोर्टात नवा पत्ता कसा द्यायचा ते सांगू. जे सांगाल ते त्या टेबलावरच राहील.

वकिलाला पैसे कुठून आणायचे ही चिंता करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, स्त्रियांना, मुलांना, औद्योगिक कामगाराला फुकट वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनं आपल्या बौद्ध बांधवांनाही अनुसूचित जातीत धरलं आहे. त्यासाठी जातीचा दाखला जवळ ठेवा. प्रत्येक कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, आणि १५१०० या नंबरावर फोन केला तरी माहिती मिळते. फुकटचा वकील म्हणून नाकं मुरडू नका. आपण कागद वेळेवर दिले, तारखेला हजर राहिलो, तर तोही मन लावून काम करतो.

तरुण मित्रांनो, पाठीमागे उभे आहात ते पुढं या. आंदोलनात बसायला तुम्ही घाबरला नाहीत, मग कोर्टाच्या नकला विभागाच्या खिडकीसमोर उभं राहायला का घाबरता? "संघटित व्हा, संघर्ष करा" याच्या आधी बाबासाहेबांनी "शिका" म्हटलं आहे. आपल्यावरचा कागद वाचता येणं हेही शिक्षणच आहे. पटांगणात संध्याकाळी चाळीस पोरं येतात. त्यांना चढाई शिकवायला, लेझीम शिकवायला, इंग्रजी-गणित शिकवायला तुमच्याशिवाय दुसरं कोण येणार आहे? बाहेरून कोणी येणार नाही. तुमच्या नावाचा तुटलेला धागा शोधा, आम्ही गाठ मारायला बसलेले आहोत.

तो कबड्डीचा पोरगा आता शाळेतही जातो आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार आपल्या पटांगणातही असतो. त्याच्या संघात पाच मुली नव्यानं आल्या आहेत, आणखी कोणाला पाठवायची असेल तर आजच त्याच्याकडं नाव द्या.